मोटारशर्यतींच्या क्षेत्रातील रोजगार : शोध आणि पूर्वतयारी

गेल्या काही वर्षांत राज्यातील तरुण वर्गात मोटारशर्यतींविषयी मोठे कुतूहल निर्माण झालेले दिसते. जगभरातील शर्यती आता दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेड्यापाड्यांतही पाहिल्या जातात. साहजिकच, या क्षेत्रात नोकरी कशी मिळेल, असा प्रश्न दहावी-बारावीचे विद्यार्थी आपल्या शिक्षकांना विचारू लागले आहेत. आणि मुलाच्या हट्टापायी शेत तारण ठेवावे काय, असा सल्ला पालक गावातील जाणत्या मंडळींकडे मागू लागले आहेत. या प्रश्नांची नुसत्या उत्साहाने अथवा थट्टेने बोळवण करणे योग्य नव्हे. हा एक खराखुरा व्यवसाय आहे, त्यात कुशल हातांना मागणी आहे; तथापि त्याची दारे मोजकी आहेत आणि तेथे पोहोचण्याची वाट सामान्य नोकरीच्या वाटेहून वेगळी आहे. ही वाट धरताना एकच सूत्र ध्यानी ठेवणे इष्ट ठरेल : तयारी अशी करावी की, शर्यतीचे दार उघडले नाही तरी कारखान्याचे दार बंद होऊ नये.

शर्यतीमागील मनुष्यबळ

बैलगाडा शर्यतीत घाटातील बारी काही सेकंदांत संपते. परंतु त्या काही सेकंदांसाठी बैलांचा खुराक, सराव आणि निगा यांवर घरातील माणसे वर्षभर राबत असतात, हे ग्रामीण वाचकास सांगावयास नको. मोटारशर्यतीचेही तसेच आहे. ‘फॉर्म्युला वन’ या सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेत प्रत्येक संघाच्या केवळ दोन मोटारी धावतात व त्या चालविणारे चालकही दोनच असतात. मात्र मोठ्या संघांच्या कारखान्यांत शेकडो, काही ठिकाणी तर हजाराच्या घरात माणसे काम करीत असतात. शर्यतीच्या ठिकाणी मोटारींवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या संख्येवर नियमांनी मर्यादा घातलेली असून ती सुमारे ६० इतकी आहे. उरलेले सर्वजण कारखान्यातच असतात व त्यांचे चेहरे पडद्यावर कधीही दिसत नाहीत.

या मनुष्यबळात आराखडे तयार करणारे अभियंते असतात, वातबोगद्यात हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ असतात आणि मोटारीवरील संवेदकांकडून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणारे विश्लेषकही असतात. परंतु त्यांच्या बरोबरीने कार्बन तंतूंचे थर साच्यात बसविणारे कारागीर, संगणक-नियंत्रित यंत्रावर सुटे भाग कातणारे, जोडकाम करणारे, विजेच्या तारांचे जुडगे बांधणारे आणि प्रत्येक भागाचे माप तपासणारे यांचीही तितकीच गरज असते. याखेरीज खरेदी, भांडार, वाहतूक, हिशेब, प्रसिद्धी आणि भोजनव्यवस्था अशी खातीही असतात. थोडक्यात, मोटारशर्यतीतील नोकरी म्हणजे मोटार चालविण्याची नोकरी, ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. चालक होणे हा बालवयापासूनचा आणि अत्यंत खर्चिक खेळ आहे. त्यात पगार मिळण्यापूर्वी दीर्घकाळ स्वतःचा पैसा घालावा लागतो. रोजगार आहे तो प्रामुख्याने मोटारीमागे उभ्या असणाऱ्यांना.

या कामातील शिस्तीचे एक उदाहरण बोलके आहे. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मोटार चाके बदलण्यासाठी थांबते तेव्हा सुमारे २० माणसे तिच्याभोवती उभी असतात. प्रत्येक चाकासाठी तिघेजण : एक नट सोडविणारा व आवळणारा, एक जुने चाक काढणारा आणि एक नवे चाक बसविणारा. २०२३ मध्ये कतार येथील शर्यतीत मॅक्लारेन संघाने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. हे काम बळाचे नव्हे. ते शेकडो वेळा केलेल्या सरावाचे आणि आपल्या वाट्याचे काम चोख करण्याच्या सवयीचे फळ होय.

हा व्यवसाय कोठे एकवटला आहे

फॉर्म्युला वन संघांपैकी बहुसंख्यांचे कारखाने इंग्लंडमध्ये आहेत. ब्रॅकली, मिल्टन कीन्स, वोकिंग, ग्रोव्ह, एन्स्टन आणि सिल्व्हरस्टोन ही त्यांची ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. याला ऐतिहासिक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अनेक लष्करी विमानतळ ओस पडले. सिल्व्हरस्टोन हा त्यांपैकीच एक. तेथेच १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपद मालिकेतील पहिली शर्यत झाली. धावण्यास मोकळी जागा आणि विमानउद्योगात तयार झालेले कसबी कारागीर यांचा संयोग होऊन आसपास लहान लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या व त्यांतून पुढे हा उद्योग विस्तारला. इटलीत मारानेल्लो आणि फाएन्झा येथेही अशीच केंद्रे आहेत.

भारतातही या खेळाचा आरंभ धावपट्टीवरूनच झाला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने मद्रासजवळच्या शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरविल्या. पुढे याच संस्थेने श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतंत्र शर्यतमार्ग बांधला. दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. देशातील या खेळाचे नियमन १९७१ मध्ये स्थापन झालेला भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघ करतो. स्पर्धकांचे परवाने त्याच्याकडूनच दिले जातात.

या सर्वांत महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे उदाहरण कोइंबतूरचे आहे. कापडगिरण्या, पाण्याचे पंप आणि ओतशाळा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात एस. करिवर्धन या उद्योजकाने मारुती मोटारीचे इंजिन वापरून कमी खर्चाच्या शर्यतीच्या मोटारी तयार केल्या. त्यामुळे सामान्य ऐपतीच्या तरुणांना या खेळात प्रवेश मिळू लागला. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये अपघाती निधन झाले; शहराजवळच्या शर्यतमार्गाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय चालक नारायण कार्तिकेयन हे याच शहराचे. लेथ, ओतकाम आणि जोडकाम जाणणारी माणसे जेथे मुबलक होती तेथे हा व्यवसाय रुजला, हा यातील बोध होय.

महाराष्ट्रातील स्थिती

ज्या कौशल्यांवर कोइंबतूर उभे राहिले ती महाराष्ट्राला परकी नाहीत. कोल्हापूर व शिरोली परिसरातील ओतशाळा, पिंपरी-चिंचवड, चाकण व रांजणगाव येथील मोटारउद्योग, नाशिकमधील सातपूर-अंबड व छत्रपती संभाजीनगरमधील वाळूज येथील सुट्या भागांचे कारखाने ही सर्व एका अर्थाने या क्षेत्राची पूर्वशाळाच आहेत. वाहनांच्या चाचणीचे व प्रमाणीकरणाचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे.

प्रत्यक्ष स्पर्धांच्या बाबतीतही राज्य अगदीच कोरडे नाही. नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या नावाने राष्ट्रीय रॅली मालिकेतील फेऱ्या झालेल्या आहेत. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेणाऱ्या मोटारसायकलींच्या नव्या लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडी येथे झाली. त्याच वर्षी पुण्याच्या डायना पंडोल यांनी सलून मोटारींच्या गटात राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. मुलींना या क्षेत्रापासून दूर ठेवण्याचे कारण उरलेले नाही, हे यावरून शिक्षकांनी व पालकांनी लक्षात घ्यावे.

मात्र एका गोष्टीची स्पष्ट जाणीव असावी. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ २०१४ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ या जागतिक मालिकेत भाग घेत आहे. परंतु त्या संघाची कार्यशाळा इंग्लंडमध्ये बॅनबरी येथे आहे. पुरवठादार, चाचणीच्या सोयी आणि अनुभवी माणसे जेथे आहेत तेथेच काम जाते. म्हणून राज्यातील तरुणाने आपला पहिला टप्पा घराजवळच्या कार्यशाळेत, दुसरा चेन्नई, कोइंबतूर अथवा होसूरच्या परिसरात आणि परदेश हा त्यानंतरचा टप्पा, अशी आखणी करणे व्यवहार्य होय. होसूर येथे टी.व्ही.एस. कंपनीचा शर्यतविभाग १९८२ पासून कार्यरत आहे, तर हीरो कंपनीने २०१६ मध्ये रॅलीचा संघ उभारला. अशा उत्पादकांचे शर्यतविभाग हेच देशातील बऱ्याच अंशी स्थिर पगार देणारे आश्रयस्थान आहे.

शिक्षणाचे मार्ग

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील यांत्रिक मोटारगाडी, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, संधाता, वीजतंत्री व पत्रे कारागीर हे व्यवसाय या क्षेत्राशी थेट निगडित आहेत. यांपैकी कोणत्याही व्यवसायाचे प्रमाणपत्र घेऊन शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ अन्वये एखाद्या वाहन-उत्पादक कारखान्यात उमेदवारी करणे ही उत्तम सुरुवात होय. तेथे मिळणारी अचूकतेची सवय शर्यतीच्या संघाला हवीच असते. आणि शर्यतीत संधी न मिळाल्यास तीच उमेदवारी उपजीविकेचे साधन ठरते. तंत्रनिकेतनातील पदविकाधारकास यंत्र व मोटार अभियांत्रिकीबरोबर विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स शाखांतूनही वाट आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे ती अधिक रुंद होत आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरमहाविद्यालयीन मोटारबांधणी स्पर्धा हा सर्वांत महत्त्वाचा मार्ग मानला जातो. अमेरिकेत १९८०च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकारात विद्यार्थी स्वतः लहान शर्यतीची मोटार आखतात, बांधतात व चालवितात. एकूण १००० गुणांपैकी ३२५ गुण मोटार न हलविताच मिळवावयाचे असतात : आराखड्याचे समर्थन, खर्चाचा हिशेब आणि व्यवसाययोजनेची मांडणी यांसाठी ते राखलेले असतात. सहनशक्तीची धाव सुमारे २२ कि.मी.ची असते व कित्येक मोटारी ती पुरी करू शकत नाहीत. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइंबतूरला भरविली जाते. खडबडीत मार्गावर धावणाऱ्या वाहनांची ‘बाहा’ स्पर्धा २००७ मध्ये मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झाली. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे व सोमय्या महाविद्यालयाचे विद्यार्थिसंघ परदेशातील स्पर्धांतही उतरलेले आहेत. मोठ्या संघांतील अभियंते नवा उमेदवार निवडताना, त्याने अशा स्पर्धेत कोणती जबाबदारी पेलली याची आवर्जून चौकशी करतात. गुणपत्रिकेवरून न कळणारी गोष्ट, म्हणजे मुदतीत व इतरांसमवेत काम करण्याची पात्रता, तेथे कळते.

वर्गातून करता येणारी तयारी

या क्षेत्राची पूर्वतयारी शाळेच्या विज्ञानवर्गातही करता येते आणि त्यासाठी मोटारीची गरज नाही. पुढील तीन उदाहरणे आठवी ते बारावीच्या वर्गांत सहज घेता येतील.

पहिले, वेगाचे. ताशी ३०० कि.मी. वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात किती अंतर कापते? तीन लाख मीटरांस ३६०० ने भागल्यास उत्तर सुमारे ८३ मीटर येते. चाक बदलताना एक सेकंद अधिक लागला तर प्रतिस्पर्धी इतका पुढे जाऊ शकतो, हे विद्यार्थ्यास आपोआप उमगते.

दुसरे, वायूच्या दाबाचे. टायरमध्ये ३० अंश सेल्सिअस तापमानास २० पौंड हवा भरली आणि धावताना टायर ९० अंशांपर्यंत तापला, तर दाब किती होईल? मापकावरील २० मध्ये वातावरणाचा १४.७ दाब मिळविला असता ३४.७ होतात. निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३६३ झाले, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी वाढले. म्हणून दाब सुमारे ४१.६ व मापकावर सुमारे २७ पौंड होईल. टायरचे आकारमान बदलत नाही, असे येथे गृहीत धरले आहे. थंड टायरमध्ये कमी हवा का भरतात, याचे उत्तर पुस्तकातील नियमातच आहे, हे पाहून विद्यार्थ्याला त्या नियमाविषयी गोडी वाटते.

तिसरे, पिळाचे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. पान्याची लांबी निम्मी केली तर जोर दुप्पट लावावा लागतो. नट ‘अंदाजाने’ आवळणारा आणि मोजून आवळणारा यांतील फरक म्हणजेच गॅरेजचा कारागीर व शर्यतीचा कारागीर यांतील फरक होय.

याबरोबरच इंग्रजी वाचनाची सवय लावणे अगत्याचे आहे. स्पर्धांचे नियम, दुरुस्तीच्या पुस्तिका व संघातील संभाषण बहुतांशी इंग्रजीत असते. अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. नियमपुस्तकातील एक परिच्छेद वाचून त्याचा अर्थ मराठीत नेमका सांगता आला तरी पुरे.

पहिला अनुभव कसा मिळवावा

अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, ही अडचण येथे स्वयंसेवेने सुटते. प्रत्येक शर्यतीस मार्गावर झेंडे दाखविणारे, अपघातस्थळी धावून जाणारे, वेळ नोंदविणारे व वाहनांची तांत्रिक तपासणी करणारे अनेक कार्यकर्ते लागतात. स्पर्धा भरविणारे क्लब अशा स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतात. यात उत्पन्न नसते. फार तर भोजन व किरकोळ खर्च मिळतो. परंतु दोनतीन हंगाम हे काम केलेल्या तरुणास संघ कसे चालतात हे आतून दिसते, आणि संघांचे प्रमुख त्याला नावाने ओळखू लागतात. या लहानशा जगात ओळख ही शिफारशीच्या चिठ्ठीने होत नाही; कामावर वेळेवर येणारा व सांगितलेले विसरत नाही, अशा लौकिकाने होते.

कार्टिंगच्या मार्गांवर वाहनांची देखभाल करणे, खाजगी रॅलीसंघासमवेत सुट्टीच्या काळात मदतनीस म्हणून जाणे, हेही उपयुक्त मार्ग आहेत. रॅलीत दुरुस्तीसाठी ठरावीक मिनिटेच मिळतात. रात्री, पावसात व चिखलात काम करावे लागते. अशा एका फेरीत आपल्याला हे जीवन मानवते की नाही, याचा निर्णय तरुणास स्वतःच करता येतो. महिनोन्‌महिने प्रवास, सण-समारंभांस अनुपस्थिती आणि हंगामात रजा नाही, या अटी पडद्यावर दिसत नाहीत.

नोकरीचा शोध

शासकीय भरतीप्रमाणे येथे एकच जाहिरात, एकच परीक्षा व एकच निवडयादी असा प्रकार नसतो. मोठे संघ आपापल्या संकेतस्थळांवर रिक्त पदे जाहीर करतात. लहान संघ ओळखीच्या माणसांतूनच निवड करतात. म्हणून शोधाचे वेळापत्रक हंगामाशी जुळविणे आवश्यक ठरते. फॉर्म्युला वनचा हंगाम साधारण मार्च ते डिसेंबर असा असतो. हंगाम संपत येताना व संपल्यानंतर संघांची नवी मांडणी होते. अर्ज त्यापूर्वीच तयार असावा.

अर्जाच्या बाबतीत एक चूक सर्रास आढळते. ‘मला लहानपणापासून वेगाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि त्यावरून कोणासही नोकरी मिळत नाही. त्याऐवजी एखाद्या उमेदवाराने असे लिहावे : ‘मागील हंगामात कार्टची साखळी तीनदा तुटली. मोजमाप घेता पुढील व मागील दातेरी चक्रे एका रेषेत नसून २ मि.मी.चा फरक आढळला. बैठकीत पट्टी घालून तो दूर केला. त्यानंतर पूर्ण हंगामात साखळी तुटली नाही.’ या चार वाक्यांत निरीक्षण, मापन, उपाय आणि परिणाम हे चारही दिसतात. वाचणाऱ्याला हाच माणूस हवा असतो.

असे लिहिता यावे म्हणून पहिल्या दिवसापासून कामाची नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वाहन, तक्रार, घेतलेले माप, केलेले काम व परिणाम असे रकाने असावेत. शक्य तेथे छायाचित्र जोडावे. फसलेले उपायही नोंदवावेत, कारण मुलाखतीत त्यांविषयीच अधिक विचारले जाते. मुलाखतीत बहुधा एखादा तुटलेला भाग अथवा आलेख पुढे ठेवून ‘येथे काय घडले असावे?’ असा प्रश्न येतो. माहीत नसलेल्या गोष्टीचे उत्तर ठोकून देणाऱ्यापेक्षा ‘हे निश्चित सांगण्यासाठी अमुक माप घ्यावे लागेल’ असे म्हणणारा उमेदवार अधिक विश्वासार्ह ठरतो. जेथे एका सैल नटामुळे जीव जाऊ शकतो, तेथे चूक लपविणाऱ्यास स्थान नाही.

पालकांनी घ्यावयाची सावधगिरी

या व्यवसायात चढउतार फार आहेत. भारतातील फॉर्म्युला वनची शर्यत करविषयक वादानंतर २०१३ पुढे होऊ शकली नाही. भारतीय मालकीचा फोर्स इंडिया संघ जुलै २०१८ मध्ये दिवाळखोरीविषयक प्रशासनाखाली गेला. नव्या मालकांनी तो घेतल्याने चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या वाचल्या. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेली फॉर्म्युला ई शर्यत पुढील वर्षी रद्द झाली. केवळ शर्यतीवर विसंबून कर्ज काढणे किती जोखमीचे आहे, हे या घटना दाखवितात.

परदेशी शिक्षणाचा विचार करताना विशेष दक्षता घ्यावी. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड ब्रुक्स या विद्यापीठांत या विषयाचे प्रतिष्ठित अभ्यासक्रम आहेत. परंतु पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. परदेशी व्यक्तीला कुशल कर्मचारी म्हणून नेमण्यासाठी तेथील आस्थापनेकडे शासनाचा प्रायोजकत्व-परवाना असावा लागतो व ठरीव किमान वेतन द्यावे लागते. जुलै २०२५ पासून बहुतेक पदांसाठी कामाची पातळी पदवीच्या दर्जाची असण्याचीही अट घालण्यात आली आहे. त्यामुळे केवळ प्रमाणपत्रधारक कारागिरास ‘लंडनच्या रेसिंग कंपनीत मेकॅनिकची नोकरी’ मिळवून देतो, असे कोणी म्हणू लागल्यास त्याविषयी संशय घेणेच शहाणपणाचे ठरेल. शासकीय परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्यांनीही विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आधी तपासावी. विषयात नामांकित असलेले विद्यापीठ त्या क्रमवारीत बसतेच असे नाही.

परदेशात नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाने उत्प्रवासन कायदा, १९८३ अन्वये केंद्र शासनाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. अशा नोंदणीकृत मध्यस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी क्रमांक, लेखी करार आणि पावती या तीन गोष्टींवाचून एक रुपयाही देऊ नये.

शेवटची बाब जिवाची आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. ‘सराव’ या नावाखाली महामार्गावर दुचाकी दामटणाऱ्या मुलास या क्षेत्रात कोणीही नोकरी देत नाही. गुन्ह्याची नोंद मात्र कायम राहते. बंदिस्त शर्यतमार्गावरही धोका पूर्णपणे टळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या १३ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. मुलाला स्पर्धेत उतरविण्यापूर्वी मार्गाची मान्यता, वैद्यकीय पथक, विमा व संरक्षक पोषाख यांची खात्री करून घेणे हे पालकांचे कर्तव्य होय.

गावपातळीवर काय करता येईल

या कामी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. माध्यमिक शाळांनी वर्षातून एकदा जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस विद्यार्थ्यांची भेट घडवून आणावी. मुलींना त्यात आवर्जून सामील करून घ्यावे. पंचायतीच्या वाचनालयात सुटे भाग, मोजमाप व वाहनदुरुस्ती यांवरील दोनचार पुस्तके ठेवावीत. गावातील एखादे जुने, बंद पडलेले इंजिन शाळेस मिळाल्यास ते उघडून, मोजून व पुन्हा जोडून पाहण्यासारखा दुसरा पाठ नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांनी स्पर्धा भरविणाऱ्या क्लबांशी पत्रव्यवहार करून दरवर्षी काही प्रशिक्षणार्थींना स्वयंसेवक म्हणून पाठविण्याची व्यवस्था केल्यास तिचा लाभ दूरगामी होईल. ग्रामसेवक व सरपंचांनी परदेशी नोकरीच्या आमिषाची प्रकरणे कानी येताच मध्यस्थाची नोंदणी तपासून पाहण्यास कुटुंबास मदत करावी. एक घर कर्जातून वाचले तरी ते मोठे काम होईल.

अशा प्रयत्नांतून निघणाऱ्या शंभर तरुणांपैकी एखादाच शर्यतीच्या संघात पोहोचेल, हे उघड आहे. परंतु अचूक मोजणारे, केलेले काम नोंदविणारे आणि चूक न लपविणारे उरलेले नव्याण्णव कारागीर चाकणला, वाळूजला, शिरोलीला अथवा स्वतःच्या गावातील दुरुस्तीच्या दुकानात उभे राहतील. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, शाळेची बस आणि आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका यांनाही तशाच हातांची गरज आहे.